पाचोळ्याची राखण

जंगलामुळे पाऊस पडतो का, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. पडलेल्या पावसाचं पुढे काय होतं, हे मात्र झाडाखालच्या वीतभर थरात ठरतं. वर पाचोळा, त्याखाली कुजकी काळी माती आणि तिच्यात मुळांचं जाळं. सह्याद्रीतले झरे या थरावर जगतात.

आधी उन्हाचं पाहू. भीमाशंकर-महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ, पिसा यांची दाटी असते. अशा सदाहरित छताखाली माथ्यावरच्या उजेडातले शंभरातले एक ते पाच भागच जमिनीपर्यंत पोचतात, तेही बरेचसे हलत्या कवडशांतून. पानांच्या थरागणिक उजेड कसा घटतो याचं गणित मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये मांडलं. ते आजही वापरात आहे. उरलेल्या उन्हातलं पुष्कळसं वरच्या पानांतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४५० किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणूनच वैशाखात जांभ्याच्या सड्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हा शेजारच्या रानातली माती हाताला गार लागते. रात्री जमिनीतून निघालेली उष्णता हेच छत अडवतं आणि बरीचशी परत खाली धाडतं. थंडीत दव उघड्या गवतावर साचतं, झाडाखाली क्वचितच, ते यामुळे.

आता पाणी. झाडाचं छत पावसाचा मारा झेलतं, असं आपण शाळेपासून ऐकतो. हे अर्धंच खरं आहे. सागाच्या रुंद पानांवर बारीक थेंब एकत्र येतात आणि आभाळातून पडणाऱ्या बहुतेक थेंबांहून मोठे होऊन गळतात. पाच मिलिमीटरचा थेंब आठ-दहा मीटरवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला साडेआठ-नऊ मीटर असतो. खाली पाचोळा असेल तर हा तडाखा पानांवर विरतो. नसेल तर ढेकूळ फुटतं, बारीक गाळ मातीची छिद्रं बुजवतो आणि पाणी मुरायचं सोडून उताराला लागतं. साग पानं गाळतो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि वणव्यांचा हंगाम सुरू होतो तोही तेव्हाच. पहिल्या वळिवाला सापडते ती उघडी, भाजलेली जमीन.

पाचोळाही थोडं पाणी स्वतःकडे ठेवतो. हलकी सर त्यातच जिरून उडून जाते. झाडंही पाणी पितात. तरी जमा-खर्चाचा कल कुठे झुकतो, हे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अभ्यासातून दिसलं. जगदीश कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ओढ्यांची मापं घेतली. उजाड झालेल्या रानात पावसाचा जास्त वाटा लगेच वाहून गेला. चांगल्या जंगलात तो जास्त मुरला.

हे मुरवण्याचं काम देवरायांनी पिढ्यानपिढ्या केलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक असे. रानातला पालापाचोळा आणून रोपांच्या जागेवर जाळणाऱ्या, म्हणजे राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन मात्र काही साधणार नाही. नाचणी-भाताच्या रोपांसाठी त्याला दुसरा परवडणारा मार्ग मिळायला हवा.

दर पावसाळ्यात रोपं किती लावली ते मोजलं जातं. त्यासोबत गेल्या वर्षीच्या लागवडीखाली पाचोळा किती उरला, हेही नोंदवा. होळीच्या आधी वणवा अडवणारी जाळरेषा काढा, आणि तिच्या आतलं पान जागेवरच कुजू द्या.