फिरते, पण पेटत नाही

ज्या गावाने आंबेगाव तालुक्याला नाव दिले, ते गाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव बुडाले आणि त्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव मिळाले. शेजारच्या जुन्नर तालुक्यात कुकडीवर माणिकडोह आणि मीना नदीवर वडज ही धरणे झाली. जिथे पायवाट होती तिथे पाणी आले आणि डोंगरातल्या माणसाला होडी जवळ करावी लागली. डिंभ्याच्या आदिवासी मच्छीमारांसोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. पुरस्कार झाला, तरी पलीकडच्या काठावरून आजारी माणसाला आणायचे असते तेव्हा सगळी मदार इंजिनावरच असते. म्हणून बोटीचे इंजिन चालू न होणे ही गोष्ट मला निव्वळ मेकॅनिकची वाटत नाही.

‘इंजिन फिरते, पण चालू होत नाही’ या तक्रारीत निम्मे उत्तर आहे. स्टार्टर इंजिनाला जोमाने फिरवत असेल, तर बॅटरी, स्टार्टर आणि त्यांच्या जोडण्या यांच्यावर संशय घ्यायला नको. इंजिन जामही झालेले नाही. मात्र ते रखडत फिरत असेल, तर आधी बॅटरीचे टर्मिनल पाहावे, कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची, की आत फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. वेग कमी पडला की हवा पुरेशी तापत नाही. जुन्नरच्या डिसेंबरातल्या पहाटे हे हमखास जाणवते. ग्लो प्लग असतील तर त्यांना तापायला वेळ द्यावा.

पुढचा साक्षीदार म्हणजे धूर. स्टार्टर मारताना एक्झॉस्टमधून धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. मग थंडी, मंद फेरे, डिझेलमधले पाणी किंवा घटलेले कॉम्प्रेशन यांचा विचार करावा.

डिझेल पोहोचत नसेल, तर शोध टाकीकडून इंजिनाकडे न्यावा. आधी इंजिन बंद करण्याचा दांडा ‘बंद’वरच राहिला आहे का, ते पाहावे. मग टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे का? भोक बुजले तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. त्यानंतर फिल्टर. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प जमते; ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले, की डिझेलचे कॅन गाळातून खाली न्यावे लागतात. तेव्हा फडक्यातून न गाळता ओतलेली माती फिल्टरमध्येच अडकते.

यानंतर शेतकऱ्याच्या ओळखीचे दुखणे येते: इंजिनाने हवा धरली. विहिरीवरच्या इंजिनाची ‘एअर काढणारा’ माणूस बोटीवरही तेच करतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचे, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळायचा. मग तेच इंजेक्शन पंपापाशी. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात गरज पडल्यास नोझलच्या नळीचा नट थोडा सैल करून स्टार्टर मारतात. तेव्हा हात दूर ठेवावा. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

पेट्रोलच्या आउटबोर्ड मोटरची तपासणी वेगळी. तिथे आधी सुरक्षा दोरीची क्लिप, मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होतो का, आणि शेवटी प्लग पाहावा. प्लग ओला निघाला तर पेट्रोल जादा झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही; कोरडा निघाला तर पेट्रोलच येत नाही.

हा क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण पाण्यावर प्रत्येक फसलेला प्रयत्न बॅटरीतून वजा होतो. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये. मध्ये त्याला थंड होऊ द्यावे. इंजिन गार ठेवणारे पाणी ज्या बोटीत एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते, तिथे तर लांबलेल्या प्रयत्नांनी ते पाणी मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरू शकते. म्हणून पाना हाती घेण्याआधी नांगर टाकावा, माणसांना लाइफ जॅकेट घालायला सांगावे आणि वल्हे हाताशी ठेवावे. संध्याकाळी टाकी भरून ठेवणे, एक जादा फिल्टर आणि नेमके पाने जवळ बाळगणे, यांचा खर्च फारसा नाही. भर पाण्यात मदतीची वाट पाहणाऱ्याला तेवढी तयारी आजारी माणसाच्या दोन तासांइतकी मोलाची असते.