शहरी हरित क्षेत्रांच्या नियोजनातील लोकसहभाग

शहरी हरित क्षेत्रांच्या नियोजनातील लोकसहभाग म्हणजे उद्याने, मैदाने, टेकड्या, नदीकाठ, रस्त्याकडेची झाडे इत्यादींविषयीच्या निर्णयांत रहिवासी, जमीनमालक, फेरीवाले, खेळाडू, अभ्यासक व स्थानिक स्वराज्य संस्था अशा सर्व संबंधितांना स्थान असणे होय. महाराष्ट्रात हा सहभाग प्रामुख्याने विकास आराखड्यावरील ‘हरकती व सूचना’ या स्वरूपात होतो. म्हणजेच आराखडा तयार झाल्यावर नागरिकाला बोलावले जाते. कोणती जागा कशासाठी राखावी हे ठरत असताना तो सहसा उपस्थित नसतो. या विषयातील अनेक वाद याच क्रमातून उद्भवले आहेत.

संकल्पना

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये आठ पायऱ्यांची ‘लोकसहभागाची शिडी’ मांडली. तिच्या तळाशी लोकांची केवळ संमती मिळवण्याचे प्रकार आहेत, मध्ये माहिती देणे व सल्लामसलत, तर वरच्या टोकाला भागीदारी व नागरिकांचे नियंत्रण. उद्यानाच्या उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात बोलावलेली रहिवाशांची बैठक या शिडीवर फार वर चढत नाही.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरणाने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवणे बंधनकारक आहे. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. याच अधिनियमाच्या कलम १२७ चा हरित क्षेत्रांवर मोठा परिणाम झाला आहे. उद्यानासाठी आरक्षित केलेली खासगी जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक सूचनापत्र देऊ शकतो आणि त्यानंतरच्या विहित मुदतीतही संपादन न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. सुनावणीत नागरिकांनी मिळवलेले आरक्षण अशा रीतीने निधीअभावी गमावले जाऊ शकते, आणि त्या टप्प्यावर शेजारच्या रहिवाशांना पुन्हा विचारण्याची तरतूद नाही.

झाडांबाबत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. वृक्षतोडीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना देऊन हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून संरक्षण मिळाले. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रांत प्रभाग समित्यांची तरतूद केली.

मुंबई

बृहन्मुंबई महानगरपालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारूप विकास आराखड्यात असंख्य चुका आढळल्या, तसेच आरे वसाहतीचा भाग विकासासाठी खुला करण्याचा प्रस्ताव होता. नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर राज्य शासनाने एप्रिल २०१५ मध्ये तो रद्द करून सुधारित आराखडा करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले व ‘विकास आराखडा २०३४’ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या काळात ‘हमारा शहर मुंबई अभियान’ या मंचाने वस्त्यांमध्ये बैठका घेऊन झोपडपट्टीवासीयांच्या मागण्या मांडल्या. हे महत्त्वाचे होते, कारण हरकत नोंदवण्यासाठी नकाशे व भूखंड क्रमांक वाचता यावे लागतात आणि सुनावणीला जाण्यासाठी रोजंदारी बुडवावी लागते. मोकळ्या जागेची व्याख्याही वस्तीगणिक बदलते. दाट वस्तीतले एकच पटांगण मुलांच्या खेळाचे, वाळवण घालण्याचे आणि लग्नाच्या मांडवाचे ठिकाण असते. तेथे हिरवळ लावून कुंपण घातले, तर नकाशावर उद्यान वाढते आणि वस्तीची जागा जाते.

देखभालीतील सहभागाचे उदाहरण म्हणून दक्षिण मुंबईतील ओव्हल मैदानाचा उल्लेख होतो. दुरवस्थेतील हे मैदान १९९० च्या दशकात परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयीन लढा देऊन व देखभालीची जबाबदारी स्वीकारून पूर्ववत केले. आजही तेथे सर्वांना क्रिकेट खेळता येते. मात्र शहरभर राबवलेल्या दत्तक धोरणाचा अनुभव इतका चांगला नाही. काही भूखंडांवर खासगी क्लब उभे राहून सार्वजनिक प्रवेश मर्यादित झाला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने मंजूर केलेल्या नव्या धोरणाला नागरिक संघटनांनी विरोध केला व मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली. ‘लोकसहभाग’ या शब्दाखाली देखभाल करणारा गट आणि जागा वापरणारा समाज एकच समजले जाणे, हा या वादाचा गाभा होता.

पुणे

पुणे महानगरपालिकेत १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात टेकड्या व टेकडी उतारांवरील सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखण्याचा प्रस्ताव होता. पर्यावरणप्रेमी नागरिकांनी त्याच्या बाजूने दीर्घकाळ मोहीम चालवली. राज्य शासनाने २०१५ मध्ये आरक्षण मान्य केले. जमीनमालकांच्या दृष्टीने प्रश्न मोबदल्याचा होता व आहे. पिढीजात जमिनीवर बांधकाम जवळपास थांबते, पण बदल्यात काय आणि केव्हा मिळणार हे स्पष्ट नसते, अशी त्यांची तक्रार आहे. हे मालकही संबंधित घटकच आहेत. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांइतकेच त्यांचे म्हणणे नियोजनात धरावे लागते. मोबदल्याचा निर्णय लांबतो तसतशी आरक्षित उतारांवर अनधिकृत बांधकामे वाढतात, त्यामुळे विलंबाचा तोटा दोन्ही पक्षांना होतो.

पुण्यात २००६ पासून सहभागी अर्थसंकल्पाची पद्धतही आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून ही कल्पना जगभर पसरली. पुण्यातील नागरिक आपल्या प्रभागासाठी छोटी कामे सुचवू शकतात. उद्यानातील बाकडे किंवा पदपथ यांची मागणी या मार्गाने करता येते, भूखंडाचे आरक्षण मात्र बदलता येत नाही.