आजार पुन्हा उलटला तर…

नोव्हेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री नफीसा अली यांनी आपल्याला तिसऱ्या टप्प्यातील कर्करोग असल्याचे जाहीर केले. तो अंडाशयाचा आणि पोटाच्या आतील आवरणाचा होता. उपचारांनी त्या सावरल्या. २०२१ मध्ये गोव्यात त्यांनी नव्या पक्षात प्रवेश केला. सप्टेंबर २०२५ मध्ये आजार परतला. शस्त्रक्रिया शक्य नाही, म्हणून पुन्हा केमोथेरपी, हेही त्यांनीच सांगितले. ‘तू नसशील तेव्हा आम्ही कुणाकडे पाहायचे?’ या मुलांच्या प्रश्नाला ‘एकमेकांकडे’ असे उत्तर दिल्याचे त्यांनी लिहिले.

आपल्या घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. पहिल्या वेळी सारे खानदान धावते. दुसऱ्या वेळी पैसा आणि उमेद दोन्ही आटलेली असतात. मग ‘अम्मीला सांगू नका’ असे ठरते. अम्मीला मात्र सगळे कळलेले असते. ती एकटीच सोसत राहते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी. आजार परतला तो पथ्य चुकले म्हणून नाही आणि नजर लागली म्हणूनही नाही. पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे अशी किरकोळ वाटणारी लक्षणे असल्याने हा कर्करोग उशिरा सापडतो. पुढच्या टप्प्यात सापडला तर बहुतेक स्त्रियांमध्ये तो पुन्हा डोके वर काढतो. परतलेला आजार समूळ जाणे कठीण असते. पण औषधांनी तो आटोक्यात ठेवून अनेकजणी काही वर्षे आपल्या माणसांत राहतात.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला : मागची केमो संपून किती महिने झाले? कार्बोप्लॅटिनसारख्या औषधानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल, तर त्याच गटातील औषध पुन्हा लागू पडण्याची शक्यता चांगली असते. दुसरा : ‘बीआरसीए’ या जनुकाची तपासणी झाली का? त्यावरून ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा उपयोग ठरतो आणि बहिणी-मुलींनाही धोका आहे का, ते कळते. तिसरा : दुखणे, उलट्या, पोटात साठणारे पाणी यांसाठी काय करता येईल? त्रास कमी करणारे हे उपचार म्हणजे हात टेकणे नव्हे. ते पहिल्या दिवसापासून घेता येतात.

सीए-१२५ या रक्त तपासणीच्या आकड्याने घर हादरते. मात्र लक्षणे नसताना केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दिसले. निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. आमच्या शाहूपुरीजवळच्या स्थानकावरून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईला सुटते. परळच्या टाटा मेमोरियलला जाणाऱ्या रुग्णांनी रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेची सवलत घ्यावी; ती सोबतच्या माणसालाही मिळते.

केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अयादतीला येणाऱ्यांनी सर्दी-खोकला असेल तर फोनवरच दुआ द्यावी. आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. पाणी अपायकारक ठरत असेल तर तयम्मुमचीही मुभा आहे. या सवलती घेताना तिला अपराधी वाटू देऊ नये.

शिक्षिका म्हणून एक विनंती : मुलांना त्यांच्या वयाला पेलेल इतके खरे सांगा आणि वर्गशिक्षकांच्याही कानावर घाला. घरात काही लपवले जात आहे, हे मुलांना कळतेच. न सांगितल्यास ती आईच्या दुखण्याचा दोष स्वतःकडे घेतात.

सब्र म्हणजे गप्प राहणे नव्हे. आज तिच्याजवळ बसून विचारा : पुढचे उपचार कुठवर घ्यायचे? कोण जवळ हवे? कोणते काम अजून हातून व्हावेसे वाटते? उत्तरे तिची असू द्या. शिफा अल्लाहच्या हाती आहे; विचारणे आपल्या हाती आहे.