वाघ आणि सागाचा पाचोळा

ताडोबात एप्रिल-मे महिन्यांत काढलेला वाघाचा फोटो संगणकावर उघडला की पहिली अडचण रंगाची येते. वाघ केशरी, सागाचा पाचोळा तांबूस, वाळला बांबू पिवळट, आणि अंगावरचे पट्टे बांबूच्या सावल्यांत मिसळून गेलेले. हा कॅमेऱ्याचा दोष म्हणता येत नाही, कारण वाघ असा आहे तो दिसू नये म्हणूनच. चितळ-सांबरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यांत तीन. आपल्याला केशरी दिसणारा वाघ त्यांना झाडोऱ्याच्याच छटेत दिसतो. शिवाय जिप्सीतून फोटो काढताना आपण उंचावर असतो. त्यामुळे वाघामागे दूरचं धूसर रान येत नाही, लगतची जमीन येते, आणि पाचोळ्याचं पान न् पान वाघाइतकंच स्पष्ट उमटतं.

अशा वेळी बहुतेकांचा हात सॅच्युरेशनकडे जातो. वाघ भडक होतो आणि पाचोळाही तितकाच भडक होतो. दोघांतलं अंतर होतं तेवढंच राहतं. माझं ठाम मत असं की आधी प्राण्याला हात लावू नये, परिसराला लावावा. यामागचं तत्त्व जुनं आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिचे आणि भित्तिपट विणले जात. तिथला रंगविभाग 1824मध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रेल यांच्याकडे आला. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक 1839मध्ये आलं. रंग कसा दिसेल हे त्याचा शेजार ठरवतो, ही गोष्ट फोटो संपादनात रोज अनुभवाला येते. पाचोळ्याचा रंग थोडा उतरवला, उजेड किंचित कमी केला, सावल्यांत निळसर झाक दिली, की वाघाला स्पर्शही न करता त्याचा केशरी उजळतो.

पण नुसता केशरी रंगाचा स्लायडर ओढून हे होत नाही. वाघ आणि पाचोळा दोघेही त्याच पट्ट्यात येतात. म्हणून मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग वेगळा काढणारी निवड, लागतो. पूर्वी तो ब्रशने हाताने रंगवावा लागे. ऑक्टोबर 2021मध्ये लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ आलं आणि हे काम काही क्षणांवर आलं. तरी मिशा, कानांतले केस, शेपटीचं टोक आणि अंगावरून आडवी गेलेली गवताची पाती इथे यंत्र हमखास चुकतं. असा मास्क तसाच ठेवून मागचा भाग काळोखा केला की प्राण्याभोवती उजळ प्रभावळ उमटते, आणि ती जाणत्या नजरेला लगेच खुपते. शंभर टक्के मोठं करून कडा तपासाव्यात, गवत मास्कमधून वगळावं आणि बदलाची मात्रा कमी ठेवावी. कुठे थांबायचं ते या कडाच सांगतात.

रंगाआधी उजेड पाहावा, हे त्याहून महत्त्वाचं. फोटो तात्पुरता कृष्णधवल करून बघा. राखाडी छटांत वाघ हरवत असेल तर खरी उणीव उजेडातल्या फरकाची आहे. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स अंधाऱ्या खोलीत कागदावरचा प्रकाश कुठे अडवून तर कुठे वाढवून हेच साधत. डोळे, गाल आणि खांद्याची कड किंचित उजळवावी, समोरची रिकामी जमीन दबती ठेवावी. पावसाळ्यात पानांतून गाळून येणारा उजेड वाघाच्या पांढऱ्या गालांवर हिरवी झाक टाकतो. ती घालवायला सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स किरमिजीकडे नेला तर रानच निस्तेज होतं. ही दुरुस्ती फक्त मास्कपुरती करावी.

आपला राज्यपक्षी हरियाल याहून कठीण आहे. वडा-पिंपळाच्या पानांत बसलेला त्याचा थवा समोर असून सापडत नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या पानांच्या हिरव्यात पिवळा बराच असतो. म्हणून पानं उतरवायला पिवळा कमी केला की हरियालाची पिवळी छाती आणि पिवळे पायही फिके पडतात. इथेही पक्षी मास्कने वेगळा काढून फक्त पानांचा हिरवा किंचित निळ्याकडे सरकवावा. त्याचं राखाडी डोकं आणि खांद्यावरचा फिकट जांभळा डाग मात्र जसाच्या तसा राहिला पाहिजे, कारण ओळख त्यावरूनच पटते. पानांच्या बाबतीतही हेच. मे महिन्यातलं रान श्रावणासारखं हिरवं केलं तर तो फोटो ऋतूची नोंद म्हणून निरुपयोगी होतो.

हे सगळं रॉ फाइलवरच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलवरच करावं. चौदा बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये 256. भिगवणच्या रोहित पक्ष्यांमागचं संध्याकाळचं आकाश जेपेगवर ओढाताण केली की पट्ट्यापट्ट्यांनी फुटतं. छपाईची अडचण वेगळीच. खंड्याच्या पाठीचा झळझळीत निळा पडद्यावर दिसतो तसा चार शाईंच्या छपाईत येत नाही. पडद्यावर तो आणखी चढवला तर कागदावर पिसांचे बारकावे बुजून निळा ठोकळा उरतो.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची 1965पासून चालत आलेली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धा उजेड आणि रंगाची माफक दुरुस्ती चालवून घेते. काही घातलं किंवा पुसलं तर फोटो बाद करते आणि पडताळणीसाठी मूळ फाइल मागते. आपल्या छायाचित्रकारांनी प्रत्येक फोटोची रॉ फाइल तारीख आणि ठिकाणासह जपून ठेवावी. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही वन्यजीवांचा फोटो छापण्याआधी ती मागून घ्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.