धम्मयात्रा करू, पण बुद्धभूमी जपून

हिवाळा लागला की आपल्या विहारांमध्ये धम्मसहलींची नोंदणी सुरू होते. पूर्वी ही सहल रेल्वेने बोधगया, सारनाथ, कुशीनगर अशी व्हायची. आता लुंबिनीबरोबरच थायलंड, श्रीलंका, भूतान, व्हिएतनामच्या जाहिरातीही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जायची बंदी होती, तो आज पासपोर्ट काढून बौद्ध देश पाहायला निघतो, याचा आम्हाला अभिमान आहे. कुणी जाऊ नये, असे आमचे अजिबात म्हणणे नाही. पण आता आपणही आंतरराष्ट्रीय पर्यटक झालो आहोत. म्हणून या प्रवासाचा भार कुणावर पडतो, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

विमानाचा हिशेब

जगातील हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. त्यातला मोठा भाग प्रवासाचा, विशेषतः विमानाचा. मुंबई ते बँकॉक अंतर सुमारे ३ हजार किलोमीटर. जाऊन-येऊन एका प्रवाशामागे ढोबळ हिशेबाने ४०० ते ५०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतात एका माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे २ टन उत्सर्जन होते. म्हणजे वर्षभराचा पाचवा-चौथा हिस्सा एकाच सहलीत संपतो. हवामान बिघडले की आधी मार बसतो तो कोरडवाहू शेतकऱ्याला, शेतमजुराला आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला. त्यात आपलीच माणसे जास्त आहेत.

बोधगयेचे पाणी

ऑक्टोबर ते मार्च या काळात बोधगयेत जगभरातून यात्रेकरू येतात. हॉटेले, अतिथिगृहे, वेगवेगळ्या देशांचे विहार भरून जातात. या सगळ्यांना पाणी लागते. पण शेजारची निरंजना म्हणजे फल्गू नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. पाऊस कमी आणि उपसा जास्त, यामुळे भूजल खाली गेले. शेवटी २०२२ मध्ये सुमारे १५० किलोमीटरच्या पाइपलाइनने गंगेचे पाणी राजगीर, गया, बोधगयेला आणावे लागले. या टंचाईला एकटे पर्यटन जबाबदार नाही. पण हॉटेलात शॉवर सुरू असतो आणि जवळच्या टोल्यातल्या बाईला हापशावर ताटकळावे लागते, तेव्हा आपण कोणत्या बाजूला आहोत? चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये.

अजिंठ्याचा धडा

लांब कशाला, आपले अजिंठा पाहा. १९८३ पासून ते जागतिक वारसा आहे आणि देशोदेशीचे पर्यटक तिथे येतात. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. त्या मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. बंद लेण्यात गर्दी झाली की श्वासातील ओलावा आणि उष्णता वाढते. गिलावा सैल होतो, रंग सुटतात, कीड लागते. म्हणून खासगी गाड्या सुमारे ४ किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवतात. फ्लॅशने फोटो काढायला बंदी आहे आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. रांगेत उभे राहून आपण कुरकुर करतो, पण त्या नियमामुळेच पद्मपाणी आपल्या नातवंडांना दिसणार आहे.

इतरांनी काय केले?

इंडोनेशियातील बोरोबुदूरचे दगड पर्यटकांच्या बुटांनी झिजू लागले. तिथे २०२३ मध्ये वर चढण्यासाठी दिवसाला १२०० जणांची मर्यादा घातली गेली आणि पायात खास विणलेल्या मऊ चपला सक्तीच्या झाल्या. थायलंडने फी फी बेटांवरची प्रसिद्ध माया बे २०१८ मध्ये बंद केली, कारण बोटींनी आणि गर्दीने प्रवाळ मेले होते. जवळपास साडेतीन वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत ती कडक नियमांसह उघडली. भूतान परदेशी पर्यटकाकडून दर रात्रीचे शुल्क घेते. भारतीयांना ते १२०० रुपये आहे. देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील, असे त्यांच्या संविधानातच लिहिले आहे. तात्पर्य, मर्यादा घातली तर निसर्ग सावरतो.

आपण काय करू शकतो?

- देशातील बुद्धस्थळे रेल्वेने पाहावीत. परदेशात वारंवार धावती सहल करण्यापेक्षा एकदाच जावे आणि जास्त दिवस राहावे.
- प्रत्येकाने स्टीलची बाटली, ताट आणि कापडी पिशवी न्यावी. सहलीच्या सूचनापत्रकात हे पहिल्या ओळीत असावे.
- मोठ्या हॉटेलपेक्षा विहारात किंवा स्थानिकांच्या घरगुती निवासात उतरावे. पैसा गावात राहतो, पाणीही कमी लागते.
- चादर-टॉवेल रोज बदलून मागू नयेत.
- प्लॅस्टिकची फुले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पूजासाहित्य नेऊ नये. बोधिवृक्षाचे पान तोडू नये.
- सहल नेणाऱ्या मंडळांनी कचरा परत आणण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी.

हिरव्या रोपावर आणि पाण्यात थुंकू नये, झाडे तोडू नयेत, असे नियम भिक्खूंसाठी विनयात आहेत. आपण उपासकांनी निदान प्रवासात तरी ते पाळावेत.

महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्यावा आणि १९४९ चा बीटी कायदा रद्द व्हावा, ही आपली मागणी आहे. ती न्याय्य आहे. पण व्यवस्थापन मागणाऱ्यांनी त्या भूमीची निगा राखून दाखवली, तर मागणीचे वजन वाढेल. सम्राट अशोक लुंबिनीला यात्रेकरू म्हणून गेले होते. त्याच अशोकांनी रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या, हे त्यांचे शिलालेख सांगतात. येत्या सहलीच्या बैठकीत बसच्या भाड्याआधी या विषयावर बोलू या.

जय भीम! नमो बुद्धाय!