परागकण आणि शेअरचा भाव

बीएस्सी झालेल्या मुलीने एमबीएचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: 'मग तीन वर्षं फिजिक्स केलंस, ते वाया?' वाया काहीच जात नाही. वांद्र्यात लिंकिंग रोडच्या नॅशनल कॉलेजात विज्ञानाचे वर्ग भरतात आणि रुळांपलीकडे बीकेसीत राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, उभा आहे. दोन्हीकडे गणित एकच आहे!

१८२७ साली रॉबर्ट ब्राउनला सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतले बारीक कण पाण्यात सारखे थरथरताना दिसले. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देतात, हे गणिताने मांडलं आइनस्टाइनने, १९०५ मध्ये. आणि नवल असं, की पॅरिसच्या लुई बाशेलियेने १९०० सालीच आपल्या प्रबंधात तेच गणित रोख्यांच्या भावांना लावलं होतं. रेणूंच्या जागी तिथे घेणारे आणि विकणारे!

या भटकंतीचा नियम विलक्षण आहे. कण किती लांब जाईल, हे वेळेच्या वर्गमुळावर ठरतं. हजाराचा शेअर दिवसाला साधारण वीस रुपये हलत असेल, तर चार दिवसांत ऐंशी नव्हे, चाळीसच हलेल. ऐंशीसाठी सोळा दिवस लागतील. एनएसईचा 'इंडिया विक्स' घ्या. हा वर्षाच्या हिशेबाने मोजलेला चढउताराचा अंदाज. वर्षात बाजाराचे दिवस सुमारे २५२, त्याचं वर्गमूळ जवळपास सोळा. म्हणून विक्स १६ असेल, तर निफ्टी हा निर्देशांक दिवसाला साधारण एक टक्का हलेल असं बाजार धरून चालतो. प्रत्यक्षात मोठे हादरे या नियमाच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बसतात, हेही खरं.

१९७३ मध्ये ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढणारं ब्लॅक-शोल्स समीकरण आलं. त्यातला फिशर ब्लॅक मुळात फिजिक्सचा पदवीधर. चलं बदलली की हे समीकरण थेट उष्णतेच्या वहनाचं होतं, लोखंडाच्या सळईत ऊब कशी पसरते ते सांगणारं!

एनएसईचे प्रमुख आशिषकुमार चौहान स्वतः आयआयटी मुंबईचे यांत्रिकी अभियंते, नंतर आयआयएम कलकत्त्याचे. राज्याच्या एमबीए सीईटीलाही कोणत्याही शाखेची पदवी चालते. पेपरात तर्क, गणित आणि इंग्रजी असतं, हिशेबनीस होऊन जावं लागत नाही.

तेव्हा प्रवेश घ्या, पण थर्मोडायनॅमिक्सच्या वह्या रद्दीत देऊ नका. फायनान्सच्या तासाला लागतील.