आषाढातली शिल्लक

पहाटे साडेपाच. चहाच्या आधी बॅटरी. चार्ज कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा 12.4. आमच्या ट्युब्युलर बॅटऱ्या पूर्ण भरल्या की 12.7 दाखवतात, अर्ध्या उतरल्या की 12.2, आणि अर्ध्याच्या खाली वरचेवर नेल्या तर लवकर बाद होतात. 150 अँपिअर-अवरच्या दोन, म्हणजे कागदावर 3600 वॉट-अवर. पण हात लावायचा तो निम्म्यांनाच. त्या निम्म्यांतलेही निम्मे गेल्या काही काळोख्या दिवसांनी खाल्ले. हे माप घरात काहीही चालू नसतानाच घ्यायचं. पंखा फिरत असताना बघितलं की आकडा उगाच खाली दिसतो आणि जीव घाबरा होतो.

घर कणकवली तालुक्यात, काजूच्या बागेत. मुळात सासऱ्यांचा मांगर: 12 बाय 18 फूट, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पडलेली पश्चिमेची भिंत आम्ही नव्याने उभी केली, आत माळा घातला नि राहायला आलो. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या पुढे भरतो, त्यामुळे त्या उन्हाळ्यात कंबर कुठे असते ते नीट कळलं. विजेचा शेवटचा खांब वाडीत, इथून पाऊण किलोमीटरवर. मधले खांब आणि तारा आमच्या खर्चाने उभ्या राहणार होत्या. त्याच पैशांत पॅनेल, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी झाली. मुंबईचे मित्र याला स्वातंत्र्य म्हणतात. मला तरी अजून नोकऱ्याच मिळाल्यात: वायरमनची, पाणी सोडणाऱ्याची, सफाई कामगाराची. नवरा असला की वाटून घेतो. आज तो कुडाळला गेलाय, सगळ्या पाळ्या माझ्या.

सहा वाजता सफाई खातं. संडास परसात, चार पायऱ्या चढून. खाली दोन खण. एक वापरात, दुसरा वर्षभर बंद. आत पाणी ओतायचं नाही. लघवी वेगळ्या नळीने बाहेर जाते, धुण्याची जागा बाजूला आणि ते पाणी केळींना. दर वेळी वरून दोन ओंजळी राख आणि भाताचा तूस. एवढं पाळलं तर वास येत नाही, माश्या होत नाहीत. पावसाळ्यात मात्र सगळा प्रश्न तुसाचा असतो. तो हवेतली ओल खातो, दमट झाला की खालचं सुकत नाही, आणि मग नाकाला कळतंच. म्हणून मे महिन्यात वाळवलेला तूस झाकणाच्या पिंपात भरून ठेवलाय, आणि रोज सकाळी त्यातला एक डबाच बाहेर काढते.

ही कल्पना काही आम्ही परदेशातून उचललेली नाही. इथल्याच गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी खत देणाऱ्या संडासावर काम केलं; ‘गोपुरी संडास’ हे नाव तिथलंच. हाच माणूस 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषणाला बसला होता, आणि त्याच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं होतं. फ्लशची साखळी ओढली की पुढचं काम कोणाच्या अंगावर जातं, हे अप्पासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडे ते काम चैत्रात येतं. बंद खणाची फळी काढायची, फावड्याने काळी भुसभुशीत माती ओढायची आणि माडांच्या आळ्यांत टाकायची. पहिल्या वर्षी सासूबाई लांब उभ्या राहून पदराने नाक धरून बघत होत्या. मग जवळ आल्या, मातीची चिमूट बोटांत चुरली नि म्हणाल्या, ‘त्या कोपऱ्यातल्या माडाक जास्त घाल, त्याचे नारळ बारीक.’

सात. पाणी खात्याला आषाढात फारसं काम नसतं. छपराचं क्षेत्रफळ, पागोळ्यांपर्यंत धरून, 33 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे डोक्यावरून लाखभर लिटर वाहून जातं आणि फेरोसिमेंटची टाकी आहे 10,000 लिटरची. ती जूनमध्येच भरते. पुढचं सगळं पाणी चर खणून विहिरीकडे वळवलंय. खरा हिशेब ऑक्टोबरपासूनचा: आठ महिने, दिवसाला 40 लिटरच्या आसपास. दोघांच्या पिण्या-स्वयंपाकाला पुरतं. आंघोळ आणि कपडे विहिरीवर. सरकार जल जीवन मिशनमध्ये माणशी 55 लिटर धरतं, तो आकडा वाचला की मला गंमत वाटते.

दोन कोरड्या, पण ढगाळ दिवसांनंतर काल रात्री पाऊस लागला, म्हणून आज पहिल्या पाण्याचा पाइप रिकामा करायला हवा. पन्हाळीखाली टी-जॉइंट, त्याला चार इंची पाइप तीन मीटर खाली सोडलेला, तळाला झाकण. छपरावरचं पहिलं 25 लिटर घाण पाणी त्यात अडकतं, पाइप भरला की मगच पुढचं टाकीकडे वळतं. झाकण फिरवलं. आधी काळपट पाणी, मग काजूची कुजलेली पानं, शेवटी एक बेडूक. तो निवांत निघून गेला.

आठ. पेज, लोणचं, चहा. गॅस सिलिंडर आहे आणि मला त्याचा संकोच नाही; सिलिंडर संपला की वाडीतूनच येतो, तेव्हा सगळ्यांपासून तुटून राहण्याचा दावा आम्ही कधी केलेलाच नाही. आंघोळीचं पाणी तेवढं चुलीवर. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचं छोटं बायोगॅस संयंत्र घ्यायचं मनात होतं. डॉ. आनंद कर्व्यांनी शेणाऐवजी पिठूळ खरकट्यावर चालणारं संयंत्र केलं आणि त्याला 2006 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण त्याला रोज किलो-दोन किलो खाणं लागतं. दोन माणसांच्या ताटात तेवढं उरत असेल तर गॅसपेक्षा आधी स्वयंपाकाचा अंदाज सुधारायला हवा. खोबरं पाट्यावर वाटते, कारण मिक्सर आमच्याकडे नाहीच.

साडेनऊ ते एक पोटापाण्याचं काम, म्हणजे एका प्रकाशकाची मुद्रितं तपासणं. वेळ मी नाही ठरवली, पॅनेलने ठरवली. येणारी वीज थेट वापरली तर बॅटरीत घालण्या-काढण्यातली गळती वाचते, म्हणून लॅपटॉप दिवसाच. छपराच्या बाजूला लोखंडी चौकटीवर 335 वॉटची दोन पॅनेल आहेत. चौकटीला बिजागऱ्या आहेत. हिवाळ्यात ती दक्षिणेकडे कलती असते, आषाढात जवळजवळ आडवी. आपल्या अक्षांशावर जुलैतला माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेलाच असतो, आणि ढगाळ दिवशी उजेड येतो तो सगळ्या आभाळातून. पाणी ओघळून जाईल एवढाच उतार ठेवायचा.

सकाळभर 60-70 वॉट. लॅपटॉपला 40 लागतात. उरलेले बॅटरीत. लॅपटॉप गाडीतल्या चार्जरवर, थेट 12 व्होल्टवर चालतो. दिवे आणि पंखाही तसेच. इन्व्हर्टर बंद. या घरात शिकलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच असेल: इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीच लावलं नाही, तरी तो 15-20 वॉट खातो. चोवीस तासांत 400 वॉट-अवर, म्हणजे काळोख्या दिवशीची जवळजवळ सगळी कमाई. कोणी घर बांधायला निघालं आणि सल्ला विचारला तर मी पॅनेल किती घ्यावीत हे सांगत नाही, इन्व्हर्टरचं बटण कुठे बसवणार ते विचारते. हाताशी हवं.

अकराच्या सुमाराला ढग फाटले आणि आकडा एकदम 500 वर गेला. काम टाकून उठले, टॉर्च, दोन्ही फोन, नवऱ्याच्या ड्रिलची बॅटरी, सगळं लावलं. सात-आठ मिनिटांत पुन्हा 70. तेवढ्यात ‘ऱ्हस्व-दीर्घ’ची एक अख्खी ओळ नजरेतून सुटली होती, ती परत वाचली.

जेवण. भात, कुळथाची पिठी. नंतर पडून थोडा वेळ ‘वॉल्डन’, दुर्गाबाई भागवतांचा अनुवाद. थोरोचं घर आमच्याहून लहान, 10 बाय 15 फूट. 1845 मध्ये त्याने ते 28 डॉलर साडेबारा सेंटमध्ये उभारलं आणि खिळ्यांपर्यंतचा हिशेब छापला. मजुरी मात्र कुठेच धरलेली नाही. आमचाही खर्च कोणी विचारला की आम्ही चिरे, कौलं, बॅटऱ्या यांचेच आकडे सांगतो. पाट्यावरचा अर्धा तास, चैत्रातलं फावडं, पाइपाचं झाकण हे त्यात कधी येत नाही. छोट्या घरांची सुंदर छायाचित्रं छापतात त्यांतही नसतं.

अडीचला कपाळावर थेंब. माकडांनी एक कौल कोपऱ्यात फोडलं होतं. पावसात छपरावर चढायचं नाही, कौलं शेवाळाने बुळबुळीत असतात. काम माळ्यावरून, आतूनच करायचं. मंगलोरी कौलाच्या पाठीला दोन नाकं असतात, ती रिपेला अडकतात. वरच्या ओळीतलं कौल तळहाताने दोन बोटं उचलून धरायचं, कोपऱ्यात चिरलेलं खालचं कौल तिरकं करून आत ओढायचं, नवं तसंच तिरकं बाहेर घालून नाकं रिपेवर बसेपर्यंत खाली सरकवायचं. नाक बसलं की टक् असा आवाज येतो. तोवर बाहीतून कोपरापर्यंत पाणी उतरतं. दहा-बारा जादा कौलं माळ्यावर कायम असतात. आता जुन्या ठशाची मिळणं कठीण झालंय, आणि दुसऱ्या कारखान्याचं कौल या खाचेत बसेलच असं नाही.

साडेचारला वाडीतल्या काकी छत्री मिटत आल्या. चहा झाला. ‘मीटर कित्याक घेणस नाय गो? झिलाक सांग, खटपट करीत,’ हे नेहमीचं. मी हसले.

सातला त्याच परत आल्या, सोबत दोन मुलं आणि पिशवीत आठ मोबाईल. दुपारच्या वाऱ्याने तारेवर फणस पडला होता. ‘आमचो करंट गेलो. तुझो हा मा?’

आजची कमाई 550 वॉट-अवर. लॅपटॉप, दिवे, पंखा मिळून खर्च जवळपास तेवढाच. एक फोन पूर्ण भरायला गळतीसकट 25, आठांचे 200. उद्याही असंच आभाळ असलं तर आकडा 12.4 च्या खालीच राहणार. पण हीच मुलं मेमध्ये विहिरीतला गाळ काढायला उतरली होती, आणि पश्चिमेच्या भिंतीचे चिरे डोक्यावरून वाहिले ते काकींच्या घरच्यांनीच. फोन ओळीने लावले. पंखा बंद केला, रात्री तसाही गारवा असतो.

काकी दारातच घुटमळल्या. ‘उद्या पाव्हणे येतले. मसालो वाटूचो हा. मिक्सर हाडू काय?’

मी मनात गुणाकार केला. 500 वॉट, तीन मिनिटं, पंचवीस वॉट-अवर. एका फोनएवढाच. इन्व्हर्टर तेवढ्यापुरता चालू करायचा आणि लगेच बंद.

‘हाडा,’ म्हटलं, ‘आणि आमचंही वाटीभर खोबरं त्यातच घाला.’